चेक भाषेतली अनेकवचनी विभक्तिरूपं: पाठ कशी करायची?

शिकाऊ_चेक

एकवचनातल्या सातही विभक्ती बऱ्यापैकी बसल्या आहेत. अनेकवचन आलं की मात्र प्रत्येक वाक्यात थांबून विचार करावा लागतो. पुस्तकात 14 नमुना-शब्द आहेत आणि प्रत्येकाची सात रूपं, म्हणजे 98 खाने. जाणकारांना नेमके प्रश्न असे:

1. नमुना-शब्दांचे उभे रकाने पाठ करायचे की दुसरी काही पद्धत आहे?
2. षष्ठीच्या अनेकवचनात कधी प्रत्यय असतो, कधी नसतो, कधी मध्येच 'ए' घुसतो. हे आधी ओळखता येतं का?
3. 'क्लुक' (मुलगा) याचं 'क्लुत्सि', पण 'इंद' (भारतीय माणूस) याचं 'इंदोवेऽ' आणि 'उचितेल' (शिक्षक) याचं 'उचितेलेऽ'. हे कशावरून ठरतं?
4. पुस्तकात 'स क्लुकि' आहे, कानावर 'स क्लुकामा' पडतं. परीक्षेत काय लिहायचं?

इथे चेक शब्द देवनागरीत लिहितोय. दीर्घ आ आणि ए यांच्यापुढे 'ऽ' लावलंय, 'ख' घशात घासून येणारा, 'ज' जहाजातला, 'झ' हा 'श'चा घोष जोडीदार, 'ञ' मृदू न. 'र्झ' म्हणजे डोक्यावर खूण असलेला तो प्रसिद्ध चेक र.

विभक्तिप्रेमी

आधी क्रमांकांचा घोळ मिटवू, कारण मराठी माणूस तिथेच अडखळतो. चेक शाळेत विभक्ती नावाने नाही, आकड्याने ओळखतात आणि तो क्रम आपल्या प्रथमा-द्वितीयेचा नाही. चेक 2 म्हणजे आपली षष्ठी, 3 म्हणजे चतुर्थी, 4 म्हणजे द्वितीया, 5 संबोधन, 6 सप्तमी, 7 तृतीया. पंचमी वेगळी नाहीच, 'पासून, मधून' हे काम 2 करते. पुढे मी चेक आकडेच वापरतो, तुम्हीही वहीत तेच वापरा.

आता पद्धत. उभे रकाने पाठ करू नका, आडव्या ओळी करा. मराठीत अनेकवचनाचं सामान्यरूप एकदा तयार झालं (मुलां-, घरां-) की त्याला ना, नी, त काहीही चिकटवता येतं. चेकमध्ये वचन आणि विभक्ती एकाच प्रत्ययात वितळलेली असतात, म्हणून एकवचनाचा अभ्यास इथे फारसा कामी येत नाही. पण अनेकवचनात लिंगभेद बराच पुसट होतो, आणि तो फायदा फक्त आडव्या ओळीत दिसतो.

पहिली छाटणी: 5 नेहमी 1 सारखीच. 4 देखील 1 सारखीच, अपवाद फक्त सजीव पुल्लिंगी नामांचा. त्या सजीवांची 4 निर्जीवांच्या 1 सारखी दिसते: कठोर अंताला 'इ' (पाऽनि, स्तुदेंति, जसं ह्रादि), मृदू अंताला 'ए' (मुझे, उचितेले, जसं स्त्रोये). एकवचनात सजीवांची 4 बहुतेक वेळा 2 सारखी असते, ती सवय इथे आणू नका. 'विद्यार्थी दिसतात' हे 'विद्यीम स्तुदेंति', 'विद्यीम स्तुदेंतू' कधीच नाही. रशियन येत असेल तर जास्तच जपा, तिथे नियम उलटा आहे.

उरल्या 1, 2, 3, 6, 7. यांतल्या 3, 6, 7 एकत्र शिका. 3 चा शेवट नेहमी 'म', 6 चा नेहमी 'ख', 7 चा 'मि' किंवा नुसता 'इ'. लक्षात ठेवायचा तो मधला स्वर:

पाऽन, ह्राद, प्र्झेत्सेदा, म्ञेस्तो, कुर्झे: -ऊम, -एख, -इ
मुझ, स्त्रोय, सोउत्से: -ऊम, -ईख, -इ
झेना: -आऽम, -आऽख, -आमि
रूझे, पीसेञ: -ईम, -ईख, -एमि
कोस्त: -एम, -एख, -मि
मोर्झे: -ईम, -ईख, -इ
स्तावेञी: -ईम, -ईख, -ईमि

चौदा नमुन्यांच्या सात जुड्या झाल्या. 'कुर्झे'चं अनेकवचनी अंग 'कुर्झात-' होतं (कुर्झातूम, कुर्झातेख, कुर्झाति), ते तेवढं वेगळं लक्षात ठेवा. पहिल्या ओळीतला 7 चा 'इ' कठोर, म्हणजे इप्सिलोनने (y या अक्षराने) लिहायचा. दुसऱ्या आणि 'मोर्झे'च्या ओळीतला मृदू. उच्चारात फरक नाही, लेखनात मार्क जातात.

सहाव्या विभक्तीत एक खाच आहे. पुल्लिंगी शब्द क, ह, ख, ग यांत संपत असेल तर -एख ऐवजी -ईख लागतो आणि व्यंजन मऊ पडतं: व्लाक (आगगाडी) – व्लात्सीख, ब्र्झेह (किनारा) – ब्र्झेजीख, दिआलोग – दिआलोजीख. 'को'त संपणाऱ्या नपुंसकलिंगी शब्दांना आणि '-चेक' या अंताच्या लघुत्वदर्शक शब्दांना -आऽखही चालतो: याब्लकाऽख किंवा याब्लत्सीख, बालीचकाऽख किंवा बालीच्त्सीख. दोन्ही प्रमाण आहेत, ओठावर पटकन येईल ते घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: नाम एकटं पाठ करू नका, आधी दर्शक सर्वनाम आणि विशेषण लावा. अनेकवचनात 2, 3, 6, 7 ला ही दोन्ही तिन्ही लिंगांत अगदी एकसारखी असतात:

2: बेज त्येख नोवीख …
3: क त्येम नोवीम …
6: ओ त्येख नोवीख …
7: स त्येमि नोवीमि …

रिकाम्या जागी 'व्लाक' घाला: व्लाकू, व्लाकूम, व्लात्सीख, व्लाकि. मग 'ओक्नो': ओकेन, ओक्नूम, ओक्नेख, ओक्नि. मग 'उलित्से' (रस्ता): उलित्स, उलित्सीम, उलित्सीख, उलित्सेमि. रोज पाच नवी नामं या चार चौकटींतून मोठ्याने फिरवा. विशेषणाचा दुसरा उपयोग ऐकताना होतो. 'ह्रादि' हे एकच रूप 1, 4, 5 आणि 7 आहे. 'झेनि' हे अनेकवचनी 1 आणि 4 आहेच, शिवाय एकवचनी 2 सुद्धा. 'नोवीमि ह्रादि' म्हटलं की शंका उरत नाही.

कोष्टक_नको

वरचं सगळं पटलं. दुसऱ्या विभक्तीवर मी लिहितो, कारण अनेकवचनात सर्वांत जास्त वेळा लागते ती हीच. पाच आणि त्यापुढचे आकडे, किती, पुष्कळ, थोडे, काही, किलो, लिटर, गट, सगळ्यांनंतर अनेकवचनी 2 येते. दुकानात किंमत ऐकायची तरी हीच लागते: द्व्ये कोरुनि, त्र्झि कोरुनि, चतिर्झि कोरुनि, पण प्येत कोरुन, स्तो कोरुन.

पुल्लिंग सोपं: सजीव-निर्जीव, कठोर-मृदू, सगळ्यांना दीर्घ -ऊ (लिहिताना वर वर्तुळ असलेला). पाऽनू, ह्रादू, मुझू, स्त्रोयू. अपवाद मोजके पण रोज लागणारे: प्र्झाऽतेल (मित्र), लिद्यी (माणसं), पेञेज (पैसे), लेत (वर्षं). 'दिवस'साठी द्ञी आणि द्नू दोन्ही चालतात.

'आ'कारान्त स्त्रीलिंग आणि 'ओ'कारान्त नपुंसकलिंग यांत स्वर गळतो आणि उरतं ते रूप: झेन, श्कोल, म्ञेस्त. शेवटी जोडाक्षर उरलं आणि ते उच्चारायला अडलं तर मध्ये 'ए' येतो: होल्का – होलेक, सेस्त्रा – सेस्तेर, ओक्नो – ओकेन, चीस्लो (आकडा) – चीसेल, बार्वा (रंग) – बारेव, स्लुझ्बा (सेवा) – स्लुझेब, ह्रा (खेळ) – हेर. प्रत्येक जोडाक्षराला मात्र हे लागत नाही: त्सेस्ता – त्सेस्त, मीस्तो – मीस्त, ह्व्येज्दा (तारा) – ह्व्येज्द. ढोबळ खूण अशी की जोडाक्षराचा दुसरा वर्ण क, न, ल, र, व, म यांपैकी असेल तर 'ए'ची शक्यता मोठी, आणि 'स्त', 'ज्द' असेल तर जवळजवळ नाहीच. 'का'त संपणारे शब्द असंख्य आहेत (कामाराऽत्का – कामाराऽदेक, ओताऽज्का – ओताऽजेक), म्हणून ही एक जात घोटली तरी अर्धं काम होतं. पहिल्या उदाहरणात 'त'चा 'द' झाला तो मूळ 'द'च आहे. एकवचनात 'क'च्या शेजारी तो 'त' ऐकू येतो, 'ए' मध्ये आला की खरा वर्ण परत बाहेर येतो.

मग येतो स्वर आखूड होण्याचा भाग. क्राऽवा (गाय) – क्राव, ब्राऽना – ब्रान, सीला – सिल, य्मेऽनो (नाव) – य्मेन, स्म्लोउवा (करार) – स्म्लुव, मोउखा (माशी) – मुख, द्यीरा (भोक) – द्येर. याला भरवशाचा नियम नाही: त्र्झीदा (वर्ग) – त्र्झीद आणि ज्प्राऽवा (बातमी) – ज्प्राऽव यांत स्वर दीर्घच राहतो. हे शब्दागणिक लक्षात ठेवायचं, आणि नवा शब्द वहीत उतरवतानाच शेजारी 'प्येत …' लिहून ठेवायचं. दुसरा उपाय नाही.

मृदू अंताचे स्त्रीलिंगी शब्द -ई घेतात: रूझी, पीस्ञी, कोस्त्यी. यांतल्या 'इत्से'त संपणाऱ्यांना प्रत्यय नाही: उलित्से – उलित्स, स्क्लेञित्से – स्क्लेञित्स. 'कोशिले' (सदरा) आणि 'ख्वीले' (क्षण) यांचंही कोशिल आणि ख्विल होतं. नपुंसकलिंगात 'मोर्झे'चं मोर्झी, पण 'इश्त्ये'त संपणाऱ्यांचं 'इश्त्य': लेत्यिश्त्ये (विमानतळ) – लेत्यिश्त्य. 'स्तावेञी' जागचं हलत नाही.

आता आकड्यांची खरी अडचण. पाच किंवा जास्त माणसं कर्ता असतील तर क्रियापद एकवचनी नपुंसकलिंगी होतं: 'प्येत स्तुदेंतू प्र्झिश्लो'. आणि वाक्याला 3, 6 किंवा 7 हवी असेल तर नाम दुसऱ्या विभक्तीत राहत नाही. आकडा 'प्येत्यि' होतो आणि नाम वाक्याची विभक्ती घेतं: क प्येत्यि स्तुदेंतूम, ओ प्येत्यि स्तुदेंतेख, स प्येत्यि स्तुदेंति. 'पाचनंतर 2' हा नियम फक्त 1 आणि 4 च्या जागी लागू आहे, हे बरीच पुस्तकं उशिरा सांगतात आणि तोवर चूक रुजलेली असते.

शिकाऊ_चेक

आडव्या ओळींनी डोळे उघडले, दोघांचेही आभार. 'प्येत्यि स्तुदेंति'ने तर बऱ्याच वाक्यांचा उलगडा झाला. तिसरा आणि चौथा प्रश्न राहिला.

मृदू_व्यंजन

तिसरा मी घेतो. सजीव पुल्लिंगाच्या अनेकवचनी 1 ला तीन प्रत्यय आहेत.

मूळ प्रत्यय मृदू 'इ', आणि त्याच्या आधीचं व्यंजन मऊ होतं: क चा त्स (क्लुक – क्लुत्सि), ह चा ज (व्राह, म्हणजे खुनी – व्राजि), ख चा श (चेख, म्हणजे चेक माणूस – चेशि), र चा र्झ (दोक्तोर – दोक्तोर्झि). द, त, न लिहिताना तसेच राहतात पण उच्चार मृदू होतो: कामाराऽद्यि, स्तुदेंत्यि, पाऽञि. त्यामुळे या तीन व्यंजनांपाशीही 1 आणि 4 कानाला वेगळ्या लागतात (स्तुदेंत्यि आले, स्तुदेंति दिसले). ओढूनताणून का होईना, सुरुवातीपासून हा उच्चार नीट करा, म्हणजे लेखनात मृदू-कठोर 'इ'चा गोंधळ निम्मा होतो.

-एऽ हा 'तेल' आणि 'आन' या अंतांचा प्रत्यय: उचितेलेऽ, प्राझानेऽ (प्राग शहरातले लोक). 'इस्ता'वाल्या शब्दांनाही तो लागतो: तुरिस्तेऽ. बोलताना तुरिस्त्यि सर्रास ऐकू येतं. 'सोउसेद' (शेजारी) याला सोउसेदेऽ आणि सोउसेद्यि दोन्ही आहेत.

-ओवेऽ कुठे? एकाक्षरी देशवाचक नावांत पुष्कळदा: इंदोवेऽ, रुसोवेऽ, दाऽनोवेऽ. (चेख मात्र चेशि.) नाती आणि मानाचे शब्द: सिनोवेऽ, ओत्त्सोवेऽ, क्राऽलोवेऽ. 'लोग'वाले व्यावसायिक: प्सिखोलोगोवेऽ. आणि 'इस्ता' सोडून 'आ'कारान्त पुल्लिंग: कोलेगोवेऽ, प्र्झेत्सेदोवेऽ. अंदाज चुकला तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, त्यामुळे या तीन प्रत्ययांपायी बोलणं थांबवू नका.

थांबून लक्ष द्यायचं ते विशेषणाकडे, कारण सजीव पुल्लिंगात तेही मऊ होतं: वेल्की – वेल्त्सी, दोब्री – दोब्र्झी, चेस्की – चेश्त्यी. तुलना करा: त्यि दोब्र्झी स्तुदेंत्यि, ति दोब्रेऽ झेनि, ति दोब्रेऽ व्लाकि, ता दोब्राऽ म्ञेस्ता. भूतकाळी क्रियापदाचा शेवटही त्याच क्रमाने: पुरुष आले तर मृदू 'इ', स्त्रिया किंवा आगगाड्या आल्या तर कठोर 'इ', शहरं असतील तर 'आ'. पहिल्या दोन्हींत उच्चार एकच 'प्र्झिश्लि', लेखन वेगळं. चेक शाळकरी मुलं श्रुतलेखनात याच जागी चुकतात.

ब्र्नोकर

चौथा प्रश्न: परीक्षेत आणि औपचारिक लेखनात 'स क्लुकि'. बोलीत सातव्या अनेकवचनाला सगळीकडे -मा लागतो: स क्लुकामा, स होल्कामा, आणि बोहेमियाच्या (चेक देशाच्या पश्चिम भागाच्या) बोलीत सोबतची विशेषणंही: स त्येमा नोवेयमा क्लुकामा. हा -मा मुळात द्विवचनाचा प्रत्यय. प्रमाण भाषेत तो 'द्वा' (दोन), 'ओबा' (दोन्ही) आणि जोडीच्या अवयवांपुरता उरला आहे: रुकामा, नोहामा, ओचिमा, उशिमा. तिथे विशेषणालाही -मा हवा: स वेल्कीमा ओचिमा. 'वेल्कीमि ओचिमा' लिहिलंत तर ती चूक धरतात. उलट टेबलाच्या पायांना प्रमाण रूप 'नोहामि', कारण ते शरीराचे नाहीत. हात-पायांची 2 आणि 6 सुद्धा जुनी आहे: रुकोउ, नोहोउ. सहावीत रुकाऽख, नोहाऽख चालतात.

बोलताना समोरचा -मा वापरत असेल तर तुम्हीही वापरा, पण एका वाक्यात दोन्ही मिसळू नका. 'स त्येमि क्लुकामा' दोन्हीकडून खटकतं.

सरावासाठी अनेकवचनीच असलेली नावं उत्तम. स्थळनामं तर रोज तोंडी येतात:

कार्लोवि वारि: दो कार्लोवीख वारू, व कार्लोवीख वारेख
चेस्केऽ बुद्येयोवित्से: दो चेस्कीख बुद्येयोवित्स, व चेस्कीख बुद्येयोवित्सीख
लेत्ञानि (प्रागच्या मेट्रोच्या सी मार्गाचं एक टोक): दो लेत्ञान, व लेत्ञानेख
चेखि (बोहेमिया): दो चेख, व चेखाऽख

शेवटच्याकडे नीट बघा. चेख माणसांची रूपं पुल्लिंगी: चेखू, चेखूम, ओ चेशीख, स चेखि. प्रदेशाची 'झेना'सारखी: चेख, चेखाऽम, व चेखाऽख, स चेखामि. 4 ला दोन्ही 'चेखि'.

मेट्रोत प्रत्येक स्थानकावर ऐकू येणारं 'द्वेर्झे से जावीरायी' (दार बंद होत आहे) हेही त्यातलंच. दार एकच, पण शब्द अनेकवचनी, म्हणून क्रियापदही अनेकवचनी: द्वेर्झी, द्वेर्झीम, द्वेर्झीख, द्वेर्झ्मि. असे शब्द मोजताना साधा आकडा चालत नाही, 'दोन दारं' म्हणजे 'द्वोये द्वेर्झे'. 

शंका आली की चेक विज्ञान अकादमीच्या चेक भाषा संस्थेची 'इंटरनेतोवाऽ याजिकोवाऽ प्र्झीरुच्का' उघडा. शब्द टाकला की पूर्ण कोष्टक येतं, मोफत, आणि पर्यायी रूपंही दिसतात.

शिकाऊ_चेक

चार वाक्यं तपासाल का?

(क) म्लुवीम स प्येत्यि कामाराऽदेक.
(ख) बिद्लीम व चेस्केऽ बुद्येयोवित्से.
(ग) विद्यीम नोवीख स्तुदेंतू.
(घ) प्र्झेत प्येत रोकू.

कोष्टक_नको

(क) आकडा बरोबर, नाम चुकलं. 'स' ला 7 हवी: स प्येत्यि कामाराऽत्कामि.

(ख) 'व'नंतर राहण्याची जागा 6 मध्ये, आणि विशेषणासकट: व चेस्कीख बुद्येयोवित्सीख. नावाचा पहिला भाग तसाच ठेवायची चूक फार होते. विशेषण आहे, तेव्हा तेही चालवायचं.

(ग) विभक्तिप्रेमींनी वर सांगितलेलीच जागा: विद्यीम नोवेऽ स्तुदेंति. विशेषण 'नोवेऽ', 'नोवी' नाही. 1 ला मात्र 'नोवी स्तुदेंत्यि'.

(घ) 'पूर्वी' या अर्थी 'प्र्झेत' 7 घेतो, म्हणून आकडा 'प्येत्यि'. वर्षं मोजताना 2 ला 'लेत' वापरतात, ते मूळ 'लेऽतो' (उन्हाळा) या शब्दाचं: द्वा रोकि, पण प्येत लेत. तेच अंग पुढेही चालवा: प्र्झेत प्येत्यि लेति, पो प्येत्यि लेतेख. 'प्र्झेत प्येत्यि रोकि'ही चूक नाही, पण 'लेति' जास्त रुळलेलं आहे.